उकडलेल्या बटाट्याची साल

रंग मातकट, अंगात जोर असा नाहीच. बटाटा उकडून कोमट झाला की नखाने एक कड सोडवायची आणि हलक्या हाताने ओढायचं. ती कुठे अडत नाही, सुटून येते. ओली असते तेव्हा बोटाला चिकटते, पण काढून घेताना बोटावरचं काही सोबत नेत नाही. तिच्या या एका गुणावर मुंबईतल्या भाजलेल्या लेकरांच्या कितीतरी सकाळी सुसह्य झाल्या आहेत.

तिला एकदा खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहावं. पिवळसर तपकिरी, अर्धपारदर्शक पडदा दिसतो आणि त्यात विखुरलेले बारीक ठिपके. ते ठिपके म्हणजे बटाट्याची हवा आत-बाहेर करण्याची छिद्रं. बाहेरची बाजू किंचित खरखरीत. आतल्या बाजूला गराचा एक पिठूळ थर राहिलेला असतो. तो बोटाने पुसला की खालचा पृष्ठभाग गुळगुळीत, जरासा बुळबुळीत लागतो. ताण दिला तर फाटते, पण पाण्यात टाकून ठेवली तरी विरघळत नाही. खरी राखणदार म्हणजे तिचा बाहेरचा बुचासारखा पापुद्रा. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढी. माणसाच्या त्वचेचा वरचा पदर, ज्याला बाह्यत्वचा म्हणतात, तोही अंगावर बहुतेक ठिकाणी साधारण मिलिमीटरचा दहावा हिस्सा. हे जुळणं योगायोगाचंच असणार. तरी ती साल हातात असताना दुसऱ्या हाताच्या मनगटाकडे नजर गेल्याशिवाय राहत नाही.

तिचं कूळ बुचाचं. बाटलीला लावतात ते बूच एका ओक वृक्षाच्या सालीतून येतं, आणि त्या सालीची व बटाट्याच्या सालीची घडण एकाच जातीची आहे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूकने १६६५ साली सूक्ष्मदर्शकाखालच्या ज्या रिकाम्या कप्प्यांचं चित्र छापलं, ते बुचाच्या कापातले होते. पेशींची माणसाशी पहिली ओळख झाली ती या घराण्यातून. कप्पे रिकामे होते कारण त्या पेशी मेलेल्या होत्या. बटाट्याच्या सालीतही तसंच. मेलेल्या पेशी एकीवर एक रचलेल्या, त्यांच्या भिंतींना सुबेरिन नावाच्या स्निग्ध द्रव्याचं अस्तर आणि त्या अस्तरात मुरलेलं मेण. पाणी अडवण्याचं खरं काम हे मेण करतं. सोललेला आणि न सोललेला असे दोन बटाटे ओट्यावर शेजारी ठेवले तर सोललेला दुसऱ्या दिवशीच आकसायला लागतो. दुसऱ्याचं आठवडाभर काही बिघडत नाही. आपल्या त्वचेचा अगदी वरचा थरही मेलेल्या पेशींचाच असतो आणि त्या पेशींच्या फटींत स्निग्ध द्रव्यं भरलेली असतात. जिवंत शरीरातलं पाणी राखायची जबाबदारी मेलेल्या पेशींवर सोपवायची, ही व्यवस्था बटाट्याने आणि माणसाने आपापल्या वाटेने गाठलेली आहे.

तिची किंमत सगळ्यात आधी शेतकऱ्याने ओळखली. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर पिढ्यान्‌पिढ्या बटाटा होतो. पीक काढणीला आलं की पाणी तोडायचं आणि बटाटा काही दिवस तसाच मातीत राहू द्यायचा, म्हणजे साल पक्की होते, हे बटाटा लावणाऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. कच्च्या सालीचा बटाटा पोत्यात भरतानाच सोलवटतो. सोलवटलेला माल टिकत नाही, त्याला भावही येत नाही. आणि काढताना फाळ लागला, कुदळ बसली, तर बटाटा आपली जखम आपणच भरून काढतो. कापलेल्या तोंडावरच्या पेशी मरतात. त्यांच्या खालच्या पेशी दोन-चार दिवसांत आपल्या भिंती सुबेरिनने लिंपून घेतात आणि मग त्यांच्याखाली नवी साल धरू लागते. यासाठी हवेत दमटपणा लागतो. कोरड्या, झोंबऱ्या हवेत पडलेल्या बटाट्याची जखम नीट भरत नाही, ती सुकते आणि सडायला मोकळी राहते. जखम भरायला ओल लागते, हे हिला जन्मापासून ठाऊक.

माणसांच्या वैद्यकाला ते कळायला विसावं शतक अर्धं उलटून जावं लागलं.

आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी गुडघा फुटल्यावर एकच उपदेश मिळालेला असतो: उघडं ठेव, वारा लागू दे, खपली धरू दे. डॉक्टरही पुष्कळ वर्षं तेच सांगत. मग १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने ‘नेचर’मध्ये एक निबंध छापला. त्याने डुकरांच्या अंगावर सारख्या मापाच्या उथळ जखमा केल्या, काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा बसवला. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या मानाने साधारण दुप्पट वेगाने चढली. कारणही कापांत दिसलं. उघड्या जखमेचा वरचा थर वाळतो, त्या वाळण्यात खालच्या चांगल्या पेशीही मरतात आणि खपली तयार होते. नव्या त्वचेच्या पेशींना मग त्या खपलीखालून, ओल शोधत, खोलातून वाट काढावी लागते. जखम ओलसर असेल तर त्या सरळ पृष्ठभागावरून सरकतात.

भाजलेल्या जखमेत ही गोष्ट फार मोलाची ठरते. चहाचं पातेलं अंगावर कलंडलं, रांगतं मूल आंघोळीच्या कढत पाण्याच्या बादलीशी पोचलं, जमिनीवर उतरवून ठेवलेल्या आमटीत हात गेला, की बहुतेक वेळा त्वचेची वरची बाजू जळते आणि खालचा काही भाग वाचतो. या वाचलेल्या भागात केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी असतात, आणि त्यांच्या भिंती त्वचेच्याच पेशींनी मढलेल्या असतात. म्हणजे जळलेल्या पृष्ठभागाखाली ठिकठिकाणी जिवंत पेशींची बेटं उरलेली असतात. त्यांना दोन आठवडे शांतपणे काम करू दिलं तर ती चारी बाजूंनी पसरतात, एकमेकींना भेटतात आणि जखम मिटते, फारसा वण न ठेवता. त्यांना वाळू दिलं तर मरतात. उथळ जखम मग खोल होते, आणि जे आपोआप भरलं असतं त्याला दुसरीकडची त्वचा काढून लावायची वेळ येते.

आता गॉजकडे पाहू. सुती, जाळीदार, स्वस्त, सगळीकडे मिळणारं. जखमेतून पाझरणारं पाणी गॉज शोषून घेतं. मग ते पाणी सुकतं. सुकताना गॉजचे धागे जखमेत रुतून बसतात. ड्रेसिंग बदलायच्या दिवशी हे धागे उपटावे लागतात आणि धाग्यांबरोबर कालपरवा उगवलेली नवी त्वचाही निघते. सलाईन ओतून पट्टी भिजवतात, सिस्टर चिमट्याने एकेक थर उचलते, कितीही सावकाश उचलला तरी शेवटचा थर रक्त काढतोच. मूल ट्रॉलीचं चाक वाजलं तरी ओरडायला लागतं. आई दाराबाहेर पदर तोंडात धरून उभी. वॉर्डातल्या मावशी मुलाचे पाय धरतात आणि दुसरीकडे बघतात. भाजलेल्या मुलांच्या वॉर्डात ज्यांनी काम केलं आहे त्यांना विचारा. जळण्याच्या क्षणाहून या सकाळी मुलांच्या मनात जास्त घट्ट बसतात असं पुष्कळजण सांगतील.

गॉजला पर्याय तेव्हाही होते. गर्भाभोवतीचा पडदा होता, डुकराची त्वचा होती, मृतांची त्वचा होती, कारखान्यात बनवलेले कृत्रिम पापुद्रे होते. यातलं काही मिळायला अवघड, काही टिकवायला अवघड, आणि परदेशातून येणारं तर आपल्या सार्वजनिक इस्पितळाला परवडण्यापलीकडचं. जखमेला चिकटणार नाही, पाणी आत राखेल, जंतुविरहित करता येईल, आणि ज्याचा खर्च विचारावाही लागणार नाही, असं काहीतरी हवं होतं.

परळच्या बाई जेरबाई वाडिया मुलांच्या रुग्णालयात डॉ. एम. एच. केसवानी भाजलेल्या मुलांवर उपचार करत होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जागेसाठी बटाट्याची साल निवडली. भाजलेल्या जखमांना वाहिलेल्या ‘बर्न्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात १९८५ साली त्यांचा प्राथमिक अहवाल आला. उकडलेल्या बटाट्याच्या सालीची पट्टी, भाजलेल्या जखमेवरचं आवरण म्हणून, हा त्याचा विषय. स्वयंपाकघरातून उचलून कचऱ्यात टाकायची वस्तू जगभरच्या शल्यचिकित्सकांसमोर नावानिशी उभी राहिली.

पट्टी करण्याची रीत कुठल्याही गावच्या इस्पितळात जमेल अशी आहे. बटाटे उकडायचे. साल शक्य तेवढ्या मोठ्या तुकड्यांत सोडवायची. गॉजची लांब पट्टी पसरायची आणि तिच्यावर सालीचे तुकडे एकाची कड दुसऱ्यावर चढवून मांडत जायचं, घरावर कौलं मांडतात तसं. मग पट्टीची गुंडाळी करायची आणि ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेत ठेवून जंतुविरहित करायची. उकडल्याने साल सुटते एवढंच नव्हे, ती मऊही होते. हातापायाच्या वळणांवर, बोटांवर, पोटावर नीट बसते. गॉज आता जखमेला शिवतच नाही. मधे ती उभी असते.

ती जखमेवर काय करते? खरं सांगायचं तर फार थोडं. ती औषध नाही. तिच्यातून काही झिरपून जखमेला बरं करतं असा दावा केसवानींनी केला नाही, आणि ही मला त्यांच्या कामातली सर्वांत विश्वासाची खूण वाटते. वनस्पतीचा पाला-साल जखमेवर लावायची म्हटली की आपल्याकडे लगेच तिच्यात दिव्य गुण शोधले जातात. इथे तसं झालं नाही. सालीच्या मेणामुळे जखमेतलं पाणी जखमेत राहतं, एवढाच तिचा गुण, आणि तो सिद्ध करायचा तर जखमेच्या आत डोकावायला हवं. म्हणून पुढचा टप्पा प्रयोगशाळेत झाला. सालीच्या पट्टीखालच्या आणि नुसत्या गॉजच्या पट्टीखालच्या जखमांचे सूक्ष्म नमुने घेतले, त्यांचे काप काढले, रंगवले आणि शेजारी शेजारी पाहिले. जंतूंसाठीही जखमांची वेगळी तपासणी केली. हे काम १९९० साली त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

कापांत जे दिसलं ते विंटरच्या डुकरांशी जुळणारं होतं. गॉजखाली जखम वाळली होती आणि वरच्या पेशी त्या वाळण्यात गेल्या होत्या. सालीखाली वाळणं फार कमी होतं, काही ठिकाणी नव्हतंच. वरवरच्या पेशी तगून राहिल्या होत्या आणि नवी बाह्यत्वचा लवकर चढत होती. आणि पट्टी सुटताना ओढाताण नव्हती. सुरुवातीला सांगितलेला तिचा स्वभाव, चिकटायचं पण काही घेऊन जायचं नाही, तो इथे कामी आला.

जंतूंच्या तपासणीने मात्र तिची दुसरी बाजू दाखवली. साल जंतू मारत नाही. ओल जशी पेशींना मानवते तशी जंतूंनाही मानवते, आणि भाजलेल्या जखमेत जंतू वाढणं हे जिवावर बेतणारं असतं. म्हणून तिच्याबरोबर जंतुनाशक मलम द्यावं लागतं. चांदी आणि सल्फा औषध एकत्र करून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या चार्ल्स फॉक्स यांनी १९६८ साली सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम आणलं. भाजलेल्यांच्या वॉर्डात पांढऱ्या मलमाची बरणी दिसते ती बहुधा त्याचीच. जंतूंकडे मलमाने पाहायचं आणि ओलीकडे सालीने, अशी ही जोडी. साल एकटी पुरेशी आहे असं समजणं म्हणजे तिच्यावर तिला न झेपणारं ओझं टाकणं.

हे ओझं तिच्यावर टाकलं गेलं तेव्हा काय होतं तेही महाराष्ट्रातच नोंदलं गेलं. सोलापूरचे शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम भाजलेल्या जखमांवर मधाचा अभ्यास करत होते. मध हा तिच्याहून फार वेगळ्या स्वभावाचा. त्याची दाट साखर जंतूंमधलं पाणी ओढून घेते, तो आम्ल असतो, आणि जखमेतल्या पाण्याने पातळ झाला की त्यातलं एक विकर हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. मध लढतो. सुब्रह्मण्यम यांनी १९९६ साली मध आणि उकडलेल्या बटाट्याची साल यांना समोरासमोर आणलं. शंभर रुग्ण, पन्नास इकडे, पन्नास तिकडे, कोण कुठल्या गटात जाणार हे यदृच्छेने ठरवलेलं. मधाखालच्या जखमा सरासरी १०.४ दिवसांत भरल्या, सालीखालच्या १६.२ दिवसांत. सात दिवसांनी मधाच्या गटातल्या ९० टक्के जंतुबाधित जखमा निर्जंतुक झाल्या होत्या. सालीच्या गटात जंतू तळ ठोकून होते.

हरली, यात शंका नाही. पण ज्या कामासाठी ती कधी उभीच राहिली नव्हती त्या कामात हरली. मला या चाचणीचं मोल वेगळ्या कारणासाठी वाटतं. एका बाजूला साल, दुसऱ्या बाजूला मध. कुठल्याही कंपनीचं उत्पादन नाही, कोणाचं पेटंट नाही, कुणाला त्यातून पैसे मिळणार नाहीत. तरी त्या दोन वस्तूंची तुलना महागड्या औषधांना लावतात त्याच मोजमापाने झाली. गरिबाच्या जखमेवर काय बांधायचं हा प्रश्न सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याइतका, शंभर रुग्णांच्या नोंदी ठेवण्याइतका मोठा आहे, असं परळमध्ये आणि सोलापुरात काही डॉक्टरांना वाटलं. सार्वजनिक इस्पितळातल्या बाह्यरुग्ण विभागाची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना कळेल, त्या रांगेतून वेळ काढून एकेका जखमेचं माप घेऊन लिहून ठेवणं म्हणजे काय असतं.

तिला सख्खी म्हणावी अशी नातलगही मिळाली, तीही आपल्या परसातली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान घेतलं. केळीच्या पानावर गरम भात वाढला तरी तो चिकटत नाही. पानाच्या मेणाचा हा गुण आपण जेवणाच्या पंगतीत पिढ्यान्‌पिढ्या वापरला, जखमेवर तो तपासायचं मनात येण्यासाठी जळीत विभागातच काम केलेलं असावं लागतं. २००३ साली ‘बर्न्स’मध्ये त्यांचे निबंध आले. एकात त्वचारोपणासाठी जिथली त्वचा काढली त्या जागेवर पान लावून ते व्हॅसलीन लावलेल्या गॉजशी ताडून पाहिलं होतं. भाजलेल्या उथळ जखमांवर पान आणि साल यांचीही तुलना झाली. जखम राखण्यात, भरू देण्यात आणि रुग्णाला सुखाचं वाटण्यात दोघी बरोबरीच्या ठरल्या. खर्चात पानाने तिला खूप मागे टाकलं. ते साहजिकच आहे. पान मोठं, एका पानात एक अख्खा पाय झाकला जातो; साल तुकड्यातुकड्यांनी मांडावी लागते, आणि तो वेळ कोणाच्या तरी हातांचा असतो. जे इस्पितळ केळीच्या बागांजवळ आहे त्याने पान घ्यावं. जिथे वर्षभर बटाटाच हाताशी आहे तिथे साल आहेच.

ब्राझीलच्या फोर्तालेझा शहरात अलीकडच्या वर्षांत तिलापिया माशाची कातडी भाजलेल्या जखमांवर लावली जाते. ती बातमी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही छायाचित्रांसकट आली होती. माशाच्या खवल्यांची नक्षी अंगावर असलेला रुग्ण कोणाचंही लक्ष वेधून घेईल असाच दिसतो. ते काम चांगलं आहे, कसून केलेलं आहे. पण ते वाचताना परळची ही मातकट साल आठवली नाही असा मुंबईकर वाचक कमीच असावा असं म्हणावंसं वाटतं, आणि म्हणता येत नाही. आपल्याच शहरात याच्या तीस वर्षं आधी, याच प्रश्नावर, कचऱ्याच्या बादलीतून उत्तर शोधलं गेलं होतं, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायला हवी, कारण सालीचं कौतुक वाचून कोणी भलताच अर्थ काढू नये. भाजल्यावर घरात कच्चा बटाटा किसून थापायची पद्धत आपल्याकडे आहे. शाई, टूथपेस्ट, हळद, तूप यांच्याच रांगेतली ती. कच्च्या बटाट्यावर मातीतले जंतू असतात आणि उघडी पडलेली त्वचा त्यांना अडवू शकत नाही. इस्पितळातली साल उकडलेली, ऑटोक्लेव्हमधून निघालेली आणि जखम किती खोल आहे हे पाहून लावलेली असते. घरच्या सालीचा आणि तिचा संबंध एवढाच की दोघी एकाच मातीतून आल्या. घरात कोणी भाजलं तर नळाखाली धरायचं, साधं थंड पाणी, चांगली वीस मिनिटं. बर्फ नाही, मलम नाही. मग स्वच्छ कापडाने झाकून दवाखाना गाठायचा. पुढचं तिथले लोक ठरवतील.

आणि त्यांनी जखम उघडून पाहिल्यावर ती पांढुरकी, चामड्यासारखी कडक आणि टोचलं तरी न दुखणारी निघाली, तर सालीचं तिथे काही काम नाही. त्वचा संपूर्ण जाडीने जळालेली असते, केसांची मुळंही गेलेली असतात, आणि पसरायला एकही बेट उरलेलं नसतं. ओल राखून द्यायची कुणाला? तिथे जळालेला भाग काढून रुग्णाच्याच मांडीची किंवा पाठीची पातळ त्वचा लावावी लागते. अंगाचा मोठा भाग जळाला असेल तर तेवढी त्वचा शिल्लकच नसते, आणि तोवर जखम झाकायला मृत दात्याची त्वचा लागते. शीवच्या ज्या इस्पितळात केळीच्या पानाचा अभ्यास झाला, तिथेच २००० साली त्वचापेढी सुरू झाली, देशातली पहिली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठ इथून कागदासारखा पातळ पदर घेतात, त्याला रक्तगट जुळावा लागत नाही, आणि ग्लिसरॉलमध्ये शीतकपाटात ठेवला तर तो काही वर्षं वापरता येतो. दुसऱ्याच्या अंगावर तो कायमचा राहत नाही. काही आठवड्यांत शरीर त्याला नाकारतं. पण तेवढ्या आठवड्यांत रुग्ण जगतो. मृताची त्वचा आणि बटाट्याची साल यांना एका ओळीत बसवणं कोणाला खटकेल, मला खटकत नाही. दोन्ही पडदे उसने आहेत, दोन्ही मुदतीचे आहेत, आणि दोन्हींच्या आडोशाला शरीर आपलं काम करून घेतं.

आज मोठ्या शहरांतल्या इस्पितळांत जखमेवरच्या पट्ट्यांची कपाटं भरलेली असतात. पाणी धरून ठेवणाऱ्या जेलच्या पट्ट्या, चांदी घातलेले फोम, श्वास घेणारे पारदर्शक पापुद्रे. पाकीट फोडून पाहिलं तर बहुतेकांच्या मुळाशी तेच आहे, ओल राखणं आणि चिकटणं टाळणं. ज्याला ती परवडतात त्याने खुशाल वापरावीत. त्यातल्या कित्येक सालीहून उजव्या असतील. पण गावाकडच्या ग्रामीण रुग्णालयात, जिथे हात पोळलेलं मूल रात्री जीपमधून आणलं जातं, तिथे पुष्कळदा अजूनही तेच सुती गॉज आहे.

तिथे एक चाचणी व्हायला हवी असं मला फार वाटतं. जिल्ह्याच्या ठिकाणची काही इस्पितळं घ्यावीत. मलमाच्या जोडीने साल, मलमाच्या जोडीने केळीचं पान आणि नेहमीचं गॉज असे तीन गट करावेत. पट्टी करायला किती माणसं आणि किती वेळ लागला याची नोंद ठेवावी. जखम कितव्या दिवशी मिटली, जंतू किती वाढले, किती जणांना पुढे त्वचारोपण लागलं, वर्षभराने वण कसा आहे, हे लिहावं. मुलांच्या वेदना मोजायला हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांच्या पट्ट्या आता जगभर वापरतात. चार वर्षांचं मूलही त्यातल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवू शकतं. ती पट्टी ड्रेसिंगच्या आधी आणि नंतर, प्रत्येक वेळी, मुलापुढे धरावी. केसवानींच्या काळात कापांचं शास्त्र होतं, हे मोजमाप आजच्यासारखं सर्वत्र नव्हतं. साल सुटताना मूल कमी रडतं हे वॉर्डातल्या मावशींना दिसत असणार. ते आकड्यांत उतरायचं राहिलं आहे.